बदलीवरची ऑपरेटर

माणूस गेलं की त्याच्या गोष्टी थांबायला हव्यात ना? आमच्या ताईच्या वाढतच चालल्यात! वाघोलीच्या जेसीबी यार्डात चहाला बसलो की कोणीतरी तिचा नवा किस्सा काढतोच. दिवाळीच्या तोंडावर तापाने गेली ती. मी सगळ्यांबरोबर हसतो, मग उठून उगाच डिझेल बघायला जातो.

*

पहिल्यांदा ती यार्डाचे मालक आबा यांच्याकडे आली, तेव्हा मी तिथे हेल्पर होतो. म्हणाली, "आबा, मला जेसीबी शिकायचाय."

आबा म्हणाले, "पोरी, ही काय शिलाई मशिन हाय का?"

"नाही ना! शिलाईच्या क्लासमधून मला काढलं, म्हणून तर इकडे आले."

*

शिकायला आबांनी यार्डामागची मोकळी जागा दिली. आज खड्डा खणायचा, उद्या बुजवायचा. घरी आईची चौकशी ठरलेली.

"आज काय केलंस?"

"खड्डा बुजवला."

"कोणाचा?"

"मीच काल खणलेला."

आई म्हणाली, "मग दोन्ही दिवस घरी बसली असतीस तरी तेवढंच झालं असतं की!"

*

शिकली. पण यार्डात प्रत्येक मशिनचा ऑपरेटर ठरलेला असतो, आणि ताईला स्वतःची मशिन हवी होती. आबा काही देईनात. "बाईला बघून गिऱ्हाईक पळंल." कोणी सुट्टीवर गेलं की तेवढ्यापुरती बदलीवर ही.

असंच एकदा नारायण पेठेत पाइपलाइनचं काम होतं. एक आजोबा हाताची घडी घालून गेटात उभे. "अहो, ऑपरेटर कधी येणार?"

"आलेय मी."

"असं? मग आम्ही पाणी भरून ठेवतो."

मी भांडायलाच निघालो होतो, ताईने डोळ्यांनी बसवलं. जुना पाइप तिने मातीतून अलगद मोकळा केला, ओरखडासुद्धा नाही! आजोबा वाकून वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "छान. आता त्या भरलेल्या बादल्यांचं काय करू?"

*

मग खराडीहून तिला बघायला पाहुणे आले. मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर हे मशिनचं बंद करावं लागेल." पाहुणे निघाले, तर त्यांची गाडी आमच्या गल्लीतल्या खड्ड्यात! ताईने साडी खोचली, यार्डातून मशिन आणली, साखळी बांधली, गाडी बाहेर. मुलाचे वडील खूश. आई मात्र म्हणाली, "तरी आमची अट तीच आहे हं."

ताई वरूनच म्हणाली, "मग गाडी होती तिथे ठेवू का?"

*

खंडेनवमीला यार्डात मशिनींची पूजा असते. ज्याची मशिन, त्यानेच कुंकू लावून नारळ फोडायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. यंदा आबांनी नवी मशिन घेतली होती, पण कोणाची ते सांगितलं नव्हतं. ताई तेव्हा दवाखान्यात. सगळ्यांचे नारळ फुटले, नवी मशिन तशीच उभी. आबा मला म्हणाले, "काढ बाहेर. ऑपरेटरकडं न्यायचीय."

दवाखान्याच्या गेटवर वॉचमन धावत आला. "इथे कसलं खोदकाम नाही!"

आबा म्हणाले, "खोदत नाय. पेशंटला भेटायला आणलीय."

नर्सने ताईला व्हीलचेअरवरून खाली आणलं, सलाइनसकट. मी मशिनची बकेट हळूहळू खाली घेत तिच्या गुडघ्यापाशी टेकवली. तिने कुंकू लावलं. आबांनी नारळ पुढे केला. "ऑपरेटर, फोडा."

तिने आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. तरी नाही. मला बघवेना. उडी मारून खाली आलो आणि नारळ घ्यायला हात पुढे केला.

"ए, हात लावू नकोस," ताई म्हणाली. "माझी मशिन आहे."