मागच्या ॲक्सलचा आवाज

“उघडलंच आहे तर…” एवढं म्हणून आमचे शेजारी थांबायचे. पुढचं आपण ओळखायचं. ब्रेकचा एक पाइप बदलायला चाक काढलं, की उघडलंच आहे तर चारही चाकांना नवे डिस्क ब्रेक. कार्बोरेटर साफ करायला काढला, की उघडलंच आहे तर तो बाद आणि फ्युएल इंजेक्शन. असली माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. एक खिडकी रंगवायला घेतात आणि दिवाळीपर्यंत भिंत पाडून बसतात.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. ते मूळचे पुण्याचे, उभा जन्म गाड्यांच्या डिझाइनमध्ये घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या गराजमध्ये पन्नासेक वर्षांची एक अमेरिकन गाडी होती, लांबलचक बॉनेटची, आठ सिलिंडरांची. आम्ही शेजारी होतो त्या अकरा वर्षांपैकी बहुतेक काळ ती डब्यांतच होती. डबे क्वार्कचे, म्हणजे तिथल्या चक्क्याचे. वहिनी क्वार्कचं श्रीखंड करायच्या आणि रिकामे डबे नटबोल्टांसाठी गराजमध्ये जायचे. रंगवलेले भाग वाळवायला त्यांनी एकदा वहिनींचा ओव्हन वापरला. त्यानंतर त्या घरचा केक आम्ही जपूनच खाल्ला.

रविवारी तिथे ठोकाठोकीला कायद्याने बंदी. मग ते गाडीसमोर खुर्ची टाकून नुसते बसायचे. वहिनी चहा घेऊन यायच्या आणि शेजारी बसायच्या. त्यांना गाडीतलं काही कळत नसे, पण कुठल्या डब्यात काय आहे ते पाठ होतं.

मग वहिनींना कॅन्सर झाला. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. वहिनींनी एकच मागितलं: या गाडीतून एकदा डोनाऊ नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. ते झपाटल्यासारखे कामाला लागले. एप्रिलमध्ये गाडी जोडून झाली, रस्त्यावर आणायला लागणारी ट्युफची तपासणी पास झाली, नंबरप्लेट लागली. मला फार आनंद झाला होता.

तपासणीहून ते एकटेच गाडी घेऊन आले ते चेहरा पाडून. वहिनी पायरीवर तयार बसल्या होत्या, रेशमी साडी, केस गेलेल्या डोक्याला स्कार्फ. गाडीतून उतरून त्यांनी मला हाक मारली. गाड्यांचे आवाज मोजणं हेच माझं काम. मागची चाकं जॅकवर उचलून त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली. “मागून घुं घुं येतंय. तुला येतंय ऐकू?”

येत होतं. जुन्या ॲक्सलला तेवढा आवाज असतोच, त्यात धोका काही नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सवय वाईट. मी म्हणालो, “गेनाऊ, अगदी बरोबर. साधारण साठच्या स्पीडला.”

“अहो, असू दे की आवाज,” वहिनी म्हणाल्या. “मी कुठे ऐकायला बसणार आहे?”

“आठ दिवस दे मला. तुला बसवायचं म्हणजे नीट नको का?”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली वाकून ॲक्सलकडे बघू लागलो. त्या साडी बदलायला आत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत ॲक्सल खाली उतरला होता.

अमेरिकेहून आलेला गिअर चुकीचा निघाला. तो परत पाठवला. दुसरा वाटेत असताना वहिनींना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, आणि तिथून त्या घरी आल्याच नाहीत.

दुसरा गिअर आला, त्याचं खोकं त्यांनी फोडलंही नाही. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी त्यांच्याकडे जाणंच कमी केलं, कारण तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

शरद ऋतूत त्यांनी घर सोडून ड्रेस्डेनला मुलीकडे जायचं ठरवलं. गाडी विकत घेतलेला हॅनोव्हरचा एक माणूस ट्रेलर घेऊन ती न्यायला आला. मी डबे उचलू लागलो. त्या माणसाने दार उघडून आत पाहिलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर प्लास्टिक तसंच होतं. ही सीट वापरलेली आहे का, असं त्याने विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “अजून कोणी बसलेलं नाही.”