सात मात्रांची वरात

माझा दातांचा दवाखाना इंदूरजवळच्या आमच्या शहरात, फ्रीगंज भागात पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे मी जॅझ-रॉक फ्यूजन लावते. इतर डॉक्टर बासरी नाहीतर भजनं लावतात, हे मला ठाऊक आहे. इंदूरला शिकत असताना होस्टेलमधल्या मैत्रिणीने मला असा पहिला अल्बम ऐकवला. लहानपणी मी बरीच वर्षं व्हायोलिन शिकले होते, अगदी शिस्तीत, पाय दुमडून. त्या अल्बममधलं व्हायोलिन गिटारच्या अंगावर धावून जात होतं आणि ड्रमवाला दोघांनाही पळवत होता. एकेक तुकडा पंधरा-पंधरा मिनिटांचा, आणि गाणारं कुणी नाही. सुट्टीत घरी आले तेव्हा आईला ऐकवला. तिने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "छान आहे गं, पण मुखडा केव्हा येणार?"

पेशंट लोकांचंही साधारण तेच मत होतं. माझ्या मदतनीस ताई तर कुणी वयस्कर माणूस आत आला की मला न विचारताच आवाज कमी करायच्या.

एका दुपारी साठीचे एक गृहस्थ आले. लग्नाच्या बँडमध्ये तरुणपणापासून ट्रम्पेट वाजवत होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. वरचे पुढचे चार दात पार हलत होते. शुगरमुळे हिरड्या गेल्या होत्या. लग्नसराई संपेपर्यंत त्यांनी कसंबसं निभावलं होतं. ट्रम्पेट ओठांवर दाबला की दात मागे सरकायचे, म्हणून ते दर दोन गाण्यांनंतर थांबायचे आणि रुमालात रक्त पुसायचे.

मी तपासत होते, ताईंनी आवाज कमी केलेला एक ट्रम्पेटचा अल्बम चालू होता, त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यांचं बोट पोटावर ठक ठक पडत होतं. मला वाटलं, दुखतंय. विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाले. चूळ भरून झाल्यावर पहिला प्रश्न दातांचा नव्हताच.

"मैडम, ये ट्रम्पेटवाला तो उस्ताद है. लेकिन इनकी एक मात्रा कम पड़ रही है, या मेरी ही गिनती बिगड़ गई?"

"कम नहीं है मास्टरजी, सात ही हैं."

ते हसले. आमच्या दवाखान्यात येऊन मात्रा मोजणारा हा पहिला माणूस. ताईंनी आवाज परत वाढवला.

मग मला जे सांगायचं होतं ते सांगावं लागलं. चारही दात काढायला हवे होते, आणि हाड इतकं झिजलं होतं की तिथे पक्के दात बसणार नव्हते. काढता-घालता येणारी कवळी, एवढाच इलाज. त्यांनी विचारलं, "फिर फूँक तो सकूँगा?" कॉलेजात खाण्या-बोलण्यासाठी दात कसे बसवायचे ते शिकवतात, ट्रम्पेटसाठी नाही. मला माहीत नाही, असं खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, "चलिए, निकाल दीजिए."

जखमा भरल्यावर कवळी केली. ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ट्रम्पेट घेऊन आले. पहिल्याच फुंकरीला कवळी सुटून जिभेवर आली आणि ट्रम्पेटातून नुसती हवा निघाली. ते मोठ्याने हसले. दुसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा हसले नाहीत. अभ्र्याने ट्रम्पेट पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नसताना. मी हळूच म्हटलं, "पुढच्या सोमवारी या."

इंदूरच्या माझ्या जुन्या सरांना फोन केला. त्यांनी मागच्या दाढांना पकडणारी धातूची चौकट सुचवली. तशी नवी कवळी केली. मग कितीतरी सोमवारी दुपारी दवाखाना बंद असताना मास्टरजी यायचे, एक सूर फुंकायचे, मी कवळी काढून केसभर घासायची, ते पुन्हा फुंकायचे. मधल्या वेळात तोच अल्बम चालू असायचा. तो त्यांनी माझ्याकडून मोबाईलवर मागून घेतला होता. त्यातली ट्रम्पेटची एक संथ ओळ ते खालच्या सुरात वाजवू लागले.

वरचे सूर मात्र आले नाहीत. ज्या सुरावर वरातीतला घोडा कान टवकारतो तो सूर गेला तो गेलाच. त्यांनी पुढची जागा पुतण्याला दिली आणि स्वतः मागच्या रांगेत गेले. मला आपणच कमी पडलो असं वाटत होतं. एकदा तसं बोलले, तर ते म्हणाले, "मैडम, हम तो समझे थे, घर बैठ गए." आणि चहा मागितला.

पुढच्या सीझनला एका संध्याकाळी दवाखान्याखालून वरात चालली होती. ओळखीचा बँड दिसला म्हणून मी आणि ताई गॅलरीत आलो. पुतण्याचं गाणं संपलं आणि मागच्या रांगेतून ती संथ ओळ आली. मग बाकीच्यांनी तीच वेगात उचलली, सातच मात्रांत. नाचणाऱ्यांचे पाय अडखळू लागले. फेटेवाले एक काका वळून ओरडले, "अरे मास्टर, ये क्या बजा दिया? पैर ही नहीं बैठ रहा!"

मास्टरजींनी हात वर केला, ढोलवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दुसऱ्या आवर्तनात त्याने शेवटी एक जास्तीची थाप टाकली. झाल्या आठ. काका सगळ्यात आधी नाचायला लागले. ताई हसून हसून कठड्याला टेकल्या.

सोमवारी मास्टरजी तपासून घ्यायला आले तेव्हा मी विचारलं, "बुरा नहीं लगा? सात को आठ करना पड़ा."

"पब्लिक को नाचना है, मैडम. सातवाली हम सुबह रियाज़ में बजाते हैं. अब तो लड़कों को भी आ गई." एवढं बोलून त्यांनी कवळी काढून माझ्या हातात दिली आणि तोंड उघडलं. हिरड्या या वेळी बऱ्या होत्या.