दोघींसाठी आखलेलं जपान

माझं माहेर आटपाडीकडचं. वडिलांची मेंढरं होती, पुढं भावानं डाळिंब लावलं. मला वडूजला दिली, धाकटीला सांगलीला. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, निवृत्त होईपर्यंत तीच नोकरी केली. धाकटीचा संसार शहरातला. तिकडं गेल्यावर तिची भाषा बदलली, पण माझ्याशी बोलताना ती पुन्हा आटपाडीची व्हायची. मला ती आक्का म्हणते.

तिच्या नवऱ्याला पोटाचा आजार झाला तेव्हा मी रजा टाकून सांगलीला जाऊन राहिले. मी नर्स, त्यामुळं डॉक्टर जे बोलायचे ते मला कळायचं आणि तिला किती सांगायचं हे मला ठरवावं लागायचं. दुपारी पाव्हण्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गुंगी आली की आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसायचो. तिथं एकदा तिनं फोनवर एक व्हिडिओ लावला. जपानमधली एक रेल्वे. कुणी बोलत नाही, गाणं नाही, नुसती इंजिनाच्या पुढून दिसणारी वाट. डोंगर, बोगदा, भातखाचरं, समुद्र, पुन्हा बोगदा. इयरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. मग रोज दुपारी आमचा तोच कार्यक्रम झाला. बाकावर बसूनच आम्ही अर्धा जपान पाहिला असेल.

पाव्हणे गेले. सगळे दिवस पार पडल्यावर मी वडूजला निघाले तेव्हा ती स्टँडवर सोडायला आली. गाडी लागली होती. माझा दंड धरून म्हणाली, "आक्का, आपण जाऊया तिकडं. तू आणि मी. दुसरं कुणी नको."

"जाऊ की," मी म्हणाले. "मला रिटायर होऊ दे."

माणूस अशा वेळी काहीही बोलतं. पण मी ते धरून बसले.

निवृत्त झाल्यावर मी खरंच तयारीला लागले. आमच्या मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "तुमी भनी भनी जावा. मला विमानात बसवू नका." मग मीच रोज सकाळची कामं उरकून फोन घेऊन बसायची. लोकांनी सांगितलेलं ऐकायची, वाचायची, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघायची. बहिणीला लांबलचक लिहिलेलं वाचायचा कंटाळा. ती म्हणाली, "आक्का, तू बोलून पाठव. मी भाजी चिरता चिरता ऐकते." म्हणून मी तिला आवाजाचे मेसेज पाठवायला लागले.

काय काय सांगितलं मी तिला! "आगं, एप्रिल संपता संपता त्यांच्या सुट्ट्या असत्यात, तवा न्हाई जायचं. सगळं गाव भाईर पडतं. मार्चअखेरीला फुलं, न्हाईतर नोव्हेंबरात लाल पानं." दुसऱ्या दिवशी आणखी काही. व्हिसाला कुठल्या दिवशी कुठं मुक्काम ते लिहून द्यावं लागतं, म्हणून आधी मुक्काम ठरवू. सगळ्या गाड्यांचा एकच पास मिळतो, पण तो आता लय महाग झालाय, आपल्याला दोनतीनच गावं बघायची तर सुटी तिकिटं परवडतील. गावातल्या गाड्यांना पैसे भरलेलं कार्ड घ्यायचं, ते दुकानातही चालतं. तरी थोडी रोकड जवळ ठेवायची, देवळात आणि बारक्या हॉटेलांत तीच लागते. मोठ्या बॅगा घेऊन स्टेशनचे जिने चढायचे नाहीत. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बॅगा पोचवायची सोय असते, दुसऱ्या दिवशी मिळतात, आपण एका रात्रीचे कपडे पिशवीत घेऊन मोकळ्या हातानं जायचं. बूट बिनलेसचे घे, जागोजागी काढावे लागतात, आणि मोजे फाटके आणू नकोस. कचरा टाकायला डबा सापडत नाही, एक पिशवी पर्समध्ये ठेव. जे दिसायला शाकाहारी त्याच्याही रश्शात मासळी असते, म्हणून भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या आपल्या आपण न्यायच्या. टोकियोहून निघताना गाडीत उजव्या हाताची खिडकी धरायची, म्हणजे तो फुजी डोंगर दिसतो. ढग नसले तर.

औषधांचं मी जरा जास्तच सांगितलं, तो माझा धंदाच. सर्दीखोकल्याच्या काही साध्या गोळ्यासुद्धा तिकडं चालत नाहीत, नेल्या तर विमानतळावर भानगड. तिच्या थायरॉइडच्या गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत घ्यायची.

आणि एकदा, कामाचं सगळं सांगून झाल्यावर, मी बोलत राहिले. म्हणाले, "पाव्हण्यांची आठवण येईल बग तुला त्या गाडीत. आली तर येऊ दे. तिथं आपल्या वळकीचं कोण न्हाई. मोकळेपणानं रडू दोघी. हितं तुला रडाय कुटं मिळालं? घरात माणसांचा राबताच लय." हे बोलता बोलता मलाच रडू आलं. तसाच मेसेज पाठवला.

सुरुवातीला तिची उत्तरं यायची. तिकडच्या गरम पाण्याच्या न्हाण्यांचं सांगितलं तेव्हा, "आक्का, आंघोळीला सगळ्या बाया एकाच हौदात, बिनकपड्याच्या? मी न्हाई बया!" असं म्हणून ती खदखदून हसली होती. पुढं पुढं नुसता अंगठा यायला लागला. दिवाळीनंतर मी म्हणाले, आता तिकिटं काढायला हवीत. ती म्हणाली, "काय घाई हाय, बघू." मला वाटलं, घरी काही अडचण असेल. मी जास्त विचारलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. मी सोप्यात शेंगा फोडत बसले होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. एका बाईचा आवाज, लाघवी, शहरी.

"जपानच्या आक्का ना?"

मी म्हणाले, "कोण बोलतंय?"

तिनं माझ्या बहिणीचं नाव घेतलं. आम्ही एका भिशीतल्या, म्हणाली. "सॉरी हं, तिला न विचारताच तुमचा नंबर शोधून काढला. मला धुळीचा त्रास आहे, मी रोज सर्दीची एक गोळी घेते. तुम्ही म्हणाला होता ना, काही गोळ्या चालत नाहीत. मग माझी चालेल का?"

"कुठं म्हणाले होते मी?"

"अहो, तुमच्या मेसेजमध्ये! आमच्या ग्रुपवर आहेत ना सगळे. भिशीला आम्ही लावतो ते मोठ्यानं. काय गोड बोलता हो तुम्ही, अगदी गावाकडचं. 'लय म्हाग झालाय' असं आता आम्ही सगळ्याच म्हणतो." ती हसली. वाईट हसणं नव्हतं ते. "तुमच्यामुळं आम्हाला टूरवाल्याची गरजच पडली नाही. तुम्ही सांगितलं तस्संच सगळं बुक केलंय. मार्चअखेर. गुडघ्यांमुळं तुम्हाला येता येत नाही, त्याचं मात्र फार वाईट वाटलं."

माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. मी आजही मळ्यापर्यंत चालत जाते.

मी तिला गोळीचं नाव विचारलं. तिनं पाकिटावरचं वाचून दाखवलं. मी म्हणाले, यात एक औषध असं आहे की ते तिकडं नेऊ नका, डॉक्टरांना विचारून दुसरी लिहून घ्या, चिठ्ठी जवळ ठेवा, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. ती "थँक्यू आक्का" म्हणाली. मी फोन ठेवला आणि राहिलेल्या शेंगा फोडल्या.

मग फोनमध्ये मागं मागं गेले आणि तो रडण्याचा मेसेज लावला. माझा आवाज मलाच ऐकवेना. ती कुठली दिवाणखान्यातली माणसं, हातात चहाचे कप, आणि मध्ये माझा हा आवाज. हा पण लावला असेल का त्यांनी? हेच डोक्यात फिरत राहिलं. फसवलं ते फसवलं, पण हा पण लावला असेल का?

दुसऱ्या दिवशी तिला न कळवता मी सांगलीची गाडी धरली. मालकांना एवढंच सांगितलं, "धाकटीकडं जाऊन येते." विटा गेलं, तासगाव गेलं, मी मनात बोलणं जुळवत होते. दारात गेले तर बाहेर नवे कोरे बूट. बिनलेसचे.

तिनं दार उघडलं आणि माझ्याकडं बघूनच तिला कळलं. "ये," म्हणाली. पाणी आणलं. मी तांब्या खाली ठेवला.

"माझे गुडघे कवा गं दुखाय लागले?"

ती समोर टेकली. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं, आक्का का न्हाई येत. कायतरी सांगावं लागलं."

"का न्हाई येत मग मी? मला पण सांग की."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती उठून गॅस बंद करून आली आणि उभ्यानंच बोलली.

"आक्का, तुझा फोन आला की मला दवाखान्याचा वास येतो. तू काय बी बोल, फुलांचं बोल, मला तो बाकच दिसतो. त्या बायांना ह्यांचं आजारपण माहीत न्हाई. त्यांच्यात मी बसते तवा मी नुसती एक बाई असते. मला तसं जायचं होतं. एकदाच."

मला वाटलं होतं ती खोटं बोलेल, रडेल, पाया पडेल. त्या सगळ्याला माझ्याकडं उत्तरं होती.

"मग मला तसं सांगायचं हुतंस," मी म्हणाले.

"कसं सांगू? तू त्यांचं एवढं केलंस. अंग पुसलंस. तुला कसं सांगू की तू नको?"

"आणि माझं बोलणं? ते का सगळ्यांना वाटलंस?"

"पहिला एकच पाठवला. बॅगांचा. त्यांना लय आवडला. मग त्या आणखी मागायला लागल्या."

"सगळे दिलेस?"

तिनं माझ्यासमोरचा तांब्या उचलला.

"रडायचा पण?"

"तो चुकून गेला, आक्का. मी लगेच काढून टाकला."

कुणी ऐकला की नाही हे मी विचारलं नाही. ती जेव म्हणाली, ताटंही घेतली. मी जेवले नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिच्या घरातून उपाशी आले ती तेवढी एकच वेळ. ती स्टँडवर सोडायला येत होती, मी म्हणाले, "राहू दे, मला वाट ठाऊक हाय."

मार्च संपता संपता त्या गेल्या. माहेरच्या ग्रुपवर फोटो आले. गाडीत सगळ्या उजव्या बाजूला बसलेल्या, खिडकीत फुजी, एक ढग नाही. भावजय कौतुकानं हात जोडल्याची चित्रं पाठवत होती. धाकटीचा मला निराळा असा एकच मेसेज आला, लिहिलेला: "आक्का, बॅगा पुढं पाठवल्या. लय बरं झालं." मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. माझा राग गेला असता तर बरं वाटलं असतं. पण मला आनंद झाला की माझं सांगणं बरोबर निघालं, आणि त्या आनंदाचाच मला राग आला.

त्या दिवशी मालकांनी ताट पुढं ओढत विचारलं, "तुझी ती सगळी तयारी तशीच पडली की."

"पडू द्या."

"मी येतो."

"आवं, तुमाला विमान नको हुतं न्हवं?"

"नकोच हाय. पण तू सांगशील तितं बसतो. डोळे झाकून घेईन."

नोव्हेंबरात आम्ही दोघं गेलो. विमान उडताना त्यांनी खरोखरच डोळे मिटले आणि माझं मनगट असं धरलं की वळ उठला. तिथं मात्र ते माझ्यापेक्षा रमले. गाडीत कुणी मोठ्यानं बोलत नाही हे त्यांना फार आवडलं. कापलेल्या भाताची खाचरं दिसली की काचेला नाक लावायचे. भडंग आठवड्यातच संपलं, मग त्यांनी दुकानातले भाताचे गोळे खाल्ले, आत आंबट फळ भरलेले. "लोणच्याचा भात हाय की," म्हणाले आणि रोज तेच मागायला लागले. क्योटोला एका देवळाच्या अंगणात लाल पानांचा सडा पडला होता. मी पायरीवर बसले. पोचले होते, जिथं यायचं होतं तिथंच पोचले होते. आणि शेजारी चांगलं माणूस होतं. तरी त्या पायरीवर मला बहिणीचा राग आला. एवढ्या लांब येऊनही तो तसाच होता, जराही झिजलेला नव्हता. मालक जवळ येऊन बसले.

जायच्या आधी मी भावाला सांगितलं होतं, लेकाला सांगितलं होतं, शेजारच्या बाईला चावी दिली होती. धाकटीला सांगितलं नव्हतं. ग्रुपवर फोटोही टाकले नाहीत.

मग यंदा भावाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा आटपाडीला आम्ही दोघी समोरासमोर आलो. मागच्या अंगणात पुरणाची डाळ निवडायला बसवलं होतं. बाकीच्या बायका उठून गेल्या तशी ती म्हणाली, "वहिनी म्हणली, तू जाऊन आलीस."

"व्हय."

"कवा?"

"दिवाळीनंतर."

"मला सांगितलं न्हाईस."

"न्हाई सांगितलं."

तिचे डोळे भरले. सुपातली डाळ ती नुसतीच पुढं मागं करत राहिली. तिला असं लागावं, हे मी कितीतरी वेळा मनात आणलं होतं. आता लागलं होतं, माझ्यासमोर, आणि मला त्यात काही मिळेना. तिचे केस कानाजवळ पार पांढरे झाले होते, ते मी तेव्हा पाहिलं.

"दाजी आले हुते संगं?" तिनं विचारलं.

"आले हुते."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

तेवढ्यात आतून भावजयीनं हाक मारली, डाळ झाली का म्हणून. मी माझं सूप घेऊन उठले. धाकटी मागून येत होती, मी दारात थांबले नाही.