बरोबरची खूण नसलेला कॅल्क्युलेटर

खुशालराव इंगोल्यांच्या मी कित्येक वर्षांची शेजारीण. पण त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले ते यंदाच्या उन्हाळ्यात. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ते फोनकडे बघत हसत होते. आधी गालातल्या गालात, मग मान हलवून, मग तोंडावर हात ठेवून. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, लग्नाच्या फोटोतसुद्धा पंचनाम्याला उभा असल्यासारखा दिसणारा माणूस असा हसायला लागला, तर शेजाऱ्यांनी काय करावं? मी कुरडया उलटायच्या निमित्तानं कठड्यापाशी सरकले.

"आज उतरलं का?" ते फोनवर कुणाला तरी विचारत होते. "मंग? आपटलं? अरे, हळू घ्या लागते नं बाप्पा. घाई केली का गेलं."

मी दिसताच फोन खिशात.

"काय आपटलं, भाऊजी?"

"काही नाही."

"कोन होतं?"

"ऊन लय आहे, आशाबाई. खाली जा."

आता मला सांगा, ज्याचं काही लपलेलं नाही तो उन्हाची काळजी करतो का?

खुशालराव अमरावतीत आमच्या लेआउटात राहायला आले ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. त्याआधीचं सगळं आयुष्य कालव्यांच्या मोजणीत गेलं. दर्यापूरकडच्या काळ्या जमिनीत तंबू ठोकून महिनोन् महिने राहायचं, दुर्बिणीतून बघायचं, आकडे घ्यायचे. जोडीला शफी नावाचा अकोल्याचा एक माणूस, तो लांब मोजपट्टी धरून उन्हात उभा. त्या शफीबद्दल सुभद्रावहिनींनी, म्हणजे खुशालरावांच्या बायकोनं, एकदा सांगितलं होतं; पुढे त्याचं नाव कधी निघालं नाही. कुठलाही उतार दिसला की खुशालरावांना राहवत नाही. आमच्या न्हाणीची फरशी टाकताना न बोलावता आले, वाकून पाहिलं, म्हणाले, "पाणी बैठकीत येईल." आलं. तेव्हापासून मला त्यांचा राग आहे, तोही सांगून टाकते.

त्या काळात त्यांच्या कमरपट्ट्याला कातडी पाकिटात एक परदेशी कॅल्क्युलेटर असायचा. हिशेबाच्या पायऱ्या एकदा त्याला शिकवून ठेवायच्या, मग नुसते आकडे द्यायचे, उत्तर तयार. म्हणे तसा यंत्रवाला माणूस साऱ्या मंडळात दुसरा नव्हता. वहिनींना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. निवृत्तीनंतर एकदा कपाट आवरताना त्यांनी जुन्या पँटी, स्वेटर आणि ते बंद पडलेलं यंत्र पाकिटासकट दारावरच्या भांडेवालीला दिलं आणि स्टीलचा एक गंज, म्हणजे उभट पातेलं, घेतला. झाकणाचा, चांगला जाड बुडाचा. दोन्ही वेळचं वरण त्यात आरामात होतं.

खुशालरावांनी एकदाच विचारलं, "पाकीट कुठी आहे?" उत्तर ऐकून म्हणाले, "जाऊ दे. इसरलो मी."

पण त्या दिवसापासून त्या गंजातलं त्यांनी कधी खाल्लं नाही. भांडण नाही, तक्रार नाही. ताटावर बसले की विचारायचे, "वरन कशात शिजवलं?" वहिनी "कुकरात" म्हणाल्या तरी यांना कळायचंच. मग पोळी आणि ठेचा. असा हा विसराळू माणूस.

तर तो आता हसत होता. मुलानं, स्वप्निलनं, पुण्याहून नवा फोन पाठवल्यापासून हे सुरू झालं. आणि दर गुरुवारी सकाळी पांढरा शर्ट घालून निघायचे.

"चांदूर रेल्वेले जातात," वहिनी म्हणायच्या. "जुन्या सायबाच्या संत्र्याचे बगीचे आहेत म्हने."

"संत्रं कधी आणलं?"



पुढच्या गुरुवारी मी बहिणीला सोडायला बडनेऱ्याच्या स्टेशनावर गेले. मुद्दाम नाही, तिला जायचंच होतं. फक्त गुरुवार मी सुचवला. तिथे खुशालराव. आता बडनेऱ्याहून चांदूर रेल्वे नागपूरच्या अंगाला. हे चढले भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत. म्हणजे अकोल्याकडे. अकोला म्हणजे वहिनींचं माहेर! बायकोच्या माहेरच्या गावाला जायचं आणि बायकोला सांगायचं नाही, हे कुठल्या सभ्य माणसाचं लक्षण?

संध्याकाळी कुरडयांची चाळणी घेऊन मी वहिनींकडे गेले आणि सगळं सांगितलं. थोडं हळूहळू सांगितलं, एकदम धक्का बसू नये म्हणून.

"अकोल्याले?" त्या म्हणाल्या. "मंग नत्थुजीकडे काहून नाही गेले?" नत्थुजी त्यांचे थोरले भाऊ.

"तेच तं म्हनते मी. भावाकडे गेले नाही, तं कोनाकडे गेले?"

खुशालराव आंघोळीला गेलेले. फोन देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला. त्याला कुलूप नव्हतं. मला ते जास्तच खटकलं; ज्याच्याकडे आतलं कुलूप पक्कं असतं, तोच बाहेरचं दार उघडं टाकतो.

आत फारसं काही नव्हतं. एक कॅल्क्युलेटर होता. पण फोनमध्ये असतो तसला नव्हे. जुन्या यंत्राचा फोटो काढून आत बसवल्यासारखा, तपकिरी, ठसठशीत बटणांचा.

"हे तं थेच दिसते," वहिनी म्हणाल्या.

"दिसनारच! तशीच तं फसवनूक असते." आमच्या भजनाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. वरून कॅल्क्युलेटर, आतून तिजोरी. ठराविक आकडा दाबला की बायांचे फोटो, गप्पा, सगळं उघडतं. "करून पाहा. खरा असला तं हिशेब करन."

वहिनींनी पाच दाबला, अधिक दाबलं. आकडा आला हातभर लांब. तीन दाबला, तर नुसते तीन. बरोबरची खूण शोधली. साऱ्या बटणांवर बोट फिरवलं. बरोबरची खूण नव्हतीच.

"बिनाबरोबरचा कॅल्क्युलेटर असते का कुठी?" मी म्हणाले.

"आन् हे एंटर काय आहे?"

"आत शिरा म्हनते थो."

आम्ही स्वप्निलची जन्मतारीख दाबली, स्कूटरचा नंबर दाबला, वहिनींनी शेवटी लग्नाची तारीख दाबून पाहिली. काही उघडलं नाही. लग्नाच्या तारखेनं उघडलं नाही, हे त्यांना फार लागलं. न्हाणीतला नळ थांबला, तसा फोन जागेवर.

 वहिनींनी फडताळातून पिशवी काढली आणि तिच्यात लुगडी घालायला लागल्या. "येत्या गुरुवारी मी बी जाते मांगून. तसं काही असन, तं तिथूनच नत्थुजीकडे जाते. मंग या घरात पाय नाही ठेवत, आशाबाई. तुमी याल माह्यासंगं?"

हे विचारायची गरज होती का?

उन्हाळ्यात आमच्याकडे बाया डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळतात. त्यामुळे पाळत ठेवायला वऱ्हाडाइतका सोयीचा मुलूख नाही. आम्ही खुशालरावांच्या मागच्या डब्यात बसलो. अकोल्याला उतरून त्यांनी गरम आलुबोंडे बांधून घेतले.

"मले कधी आनले नाही," दुपट्ट्याआडून वहिनी म्हणाल्या.

त्यांचा ऑटो मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरला. मागे आमचा. अरुंद गल्लीत, हिरव्या दारापुढे ते उतरले. दार वाजवायच्या आधीच उघडलं. आत एक बाई.

"आओ भैया, कब से राह देख रहे!"

एवढं ऐकलं आणि वहिनींनी तोंडावरचा दुपट्टा ओढून काढला. पिशवी माझ्या पायावर. "कोन आहे वो ही?"

खुशालरावांनी आलुबोंडे पाठीमागे नेले. त्या बाईनं वहिनींकडे निरखून पाहिलं, आणि तिचा चेहरा फुलला.

"सुभद्राभाभी? या अल्ला! दिवाली में छावनी को चिवडा भेजते थे न आप? मैं खुर्शीदबी, शफी की घरवाली. बाहर काहून उभ्या, आत या!"

आत पलंगावर एक माणूस उशांना टेकून बसला होता. उजवी बाजू लुळी, तोंड एका अंगाला ओढलेलं. हाच शफी. डाव्या हातात फोन, आणि फोनवर तोच तपकिरी कॅल्क्युलेटर.

खुर्शीदबी सांगत गेल्या. गेल्या पावसाळ्यात झटका आला. जीभ गेली, हात गेला. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला काम द्या, डोक्याला काम द्या. रबरी चेंडू दिला, तो यांनी खिडकीतून फेकला. दुसरा दिला, तोही फेकला. मग कुणाकडून तरी कळून खुशालभैया आले. त्यांनी यांच्या फोनमध्ये हा कॅल्क्युलेटर बसवून दिला. छावणीत दुपारी ऊन उतरेपर्यंत दोघं त्या यंत्रावर एक खेळ खेळत. चंद्रावर यान उतरवायचा. चित्र नाही, काही नाही, नुसते आकडे. या खेपेला इंधन किती जाळायचं ते आपण दाबायचं, उंची किती आणि वेग किती ते यंत्र सांगणार. फार जाळलं तर वरच संपणार, कमी जाळलं तर आपटणार. तो सगळा खेळ दोघांनी आठवून आठवून पुन्हा भरला. खुशालराव अडले तिथे शफीचं डावं बोट पुढे सरकायचं. एरवी यान उतरलं की आपटलं, ते शफीच्या वतीनं खुर्शीदबी फोनवर सांगायच्या.

"म्हंजे आपटत होतं थे हेच?" मी विचारलं. निराशा झालीच, खोटं कशाला बोलू?

वहिनींच्या रागाला मात्र आता नेमकी जागा सापडली होती. "काहो, मंग मले काहून नाही सांगतलं? चांदूर रेल्वे, संत्र्याचे बगीचे! एवढं खोटं कायले?"

खुशालराव छताचा उतार पाहत राहिले.

"अकोल्याले जातो म्हटलं असतं, तं नत्थुजीकडे जेवाले जा लागलं असतं," ते शेवटी म्हणाले. "तुया भाऊ संध्याकाळपावतर सोडत नाही. राजकारन, मूळव्याध, सारंच सांगते."

"आन् हे? हे फोनमदलं?"

 पलंगावरून आवाज आला. शफीभाईंनी ओठ जुळवायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा, आणि तिरप्या तोंडानं अर्धवट शब्द बाहेर काढला.

"गं... गंज."

खुर्शीदबींनी पदर तोंडात घातला. शफीभाईंचा खांदा हसण्यानं हलायला लागला. सगळ्या अकोल्याला तो गंज माहीत होता म्हणायचं.

"इसरलो म्हने तुमी," वहिनी म्हणाल्या.

"म्हटलं होतं," खुशालराव म्हणाले. "तुले दाखवलं असतं तं तू म्हनली असती, अजून त्या डबड्याचा राग आहे का. आन् आहे मले. अजून आहे."

वहिनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हे ऐकत होत्या. पलंगाच्या कडेला बसल्या, पिशवी ओढून मांडीवर घेतली. निघून जायला दार मोकळंच होतं आणि नत्थुजींचं घर ऑटोनं जवळ. मी श्वास रोखून बघत होते.

"मले बंद दिसला होता," त्या हळू म्हणाल्या. "बंद नसता तं दिला नसता." मग फोन हातात घेऊन एकदम, "पन याले बरोबरची खून काहून नाही? पाच आन् तीन आठ तं दाखवत नाही हा!"

"आधी दोन्ही आकडे ठेवा लागते. पाच, एंटर, तीन. मंगच सांगाचं का यांचं काय कराचं, अधिक का उने."

त्यांनी दाबलं. आठ आले. त्यांनी परत करून पाहिलं, मला संशयानं दाखवलं, परत केलं. मग शफीभाईंनी डाव्या हातानं खेळ लावून दिला. वहिनींनी एकदमच सगळं इंधन जाळलं. यान आपटलं. शफीभाई इतके हसले की खुर्शीदबींना पाणी आणावं लागलं.

आलुबोंडे संपल्यावर वहिनी उठल्या, पिशवी नवऱ्याच्या हातात दिली.

"चाला आता."

"कुठी? घरी?"

"नत्थुजीकडे. जेवाले. इतके गुरुवार झाले, तेवढं बाकी आहे तुमचं."

खुशालरावांचा चेहरा पुन्हा पंचनाम्यासारखा झाला. मूळव्याधीपर्यंत संध्याकाळ झाली, राजकारण परतीच्या गाडीपर्यंत पुरलं.

आता दर गुरुवारी दोघं जातात. मागच्या गुरुवारी मी फाटकात उभीच होते. वहिनींनी शफीभाईंसाठी पाटवड्यांचा रस्सा केला होता, आणि तो नेमका त्याच गंजात. झाकणावरून कापड घट्ट बांधलेलं. ऑटोत बसल्यावर त्यांनी तो सरळ खुशालरावांच्या मांडीवर ठेवला.

"आडवा करू नका. रस्सा सांडन."

"नाही सांडत," म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरून तो अगदी सपाट केला, वाकून चारी बाजूंनी पाहिला.

"भाऊजी, जेवताना तुमीबी यातलंच घेसान का?" मी विचारलं.

"ऊन लय आहे, आशाबाई. आत जा."

परत आले तेव्हा गंज रिकामा होता. किती शफीभाईंनी खाल्लं आणि किती यांनी, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या गुरुवारी मीही जाणार आहे.