हॅलोकाकांची सभेतली झोप

माझे भाऊजी सभेत झोपतात. हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि ज्यांच्या सभेत ते झोपतात त्या पुढाऱ्यांनाही. तीस वर्षांपासून त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा आहे. सभा कोणत्याही पक्षाची असो, माईक त्यांचाच. सुरुवातीला माईकसमोर उभं राहून ते इतक्या प्रेमानं 'हॅलो, हॅलो' म्हणतात, की पलीकडून कोणीतरी उत्तर देणार आहे असं वाटावं. म्हणून गावात ते हॅलोकाका. वक्त्यानं बंधू-भगिनींना एकदा साद घातली, की ते स्टेजच्या बाजूला घडीच्या खुर्चीत बसतात, उजवा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर ठेवतात आणि डोळे मिटतात. दहा मिनिटांत गाढ. माईक शिट्टी मारायला लागला की तो हात आपोआप जरासा फिरतो, शिट्टी थांबते. डोळे मिटलेलेच असतात.

मी गणिताचा मास्तर. निवृत्त झाल्यापासून त्यांचा टेम्पो चालवतो, खांबावर भोंगे बांधताना शिडी धरतो आणि उरलेल्या वेळात चिडतो. चिडायला मला कारण लागतंच असं नाही, पण हे तर आयतंच होतं.

"अहो भाऊजी, लोक हसतात," मी एकदा म्हणालो.

"मास्तर, मी झोपत नाही हो," ते म्हणाले. "मी तिकडे जातो."

तिकडे म्हणजे कुठे, हे त्यांनी त्या दिवशी टेम्पोत सांगितलं. भाषण कानातून आत गेलं, की आत एक गाव उभं राहतं. फार पूर्वीच्या एका निवडणुकीत कोणीतरी नदीवर पूल बांधून देतो म्हणाला होता. तो पूल इकडे कधी झाला नाही, पण भाऊजी अठरा वर्षं त्याच्यावरून चालताहेत. त्याच्या कठड्याला हिरवा रंग आहे. खालचं पाणी इतकं सावकाश जातं, की ते जातंय की थांबलंय हे बराच वेळ बघितल्याशिवाय कळत नाही. पुलापलीकडे वाचनालय लागतं, ते दुसऱ्या पक्षाचं. त्याच्या उंच खिडक्यांतून दुपारभर ऊन पुस्तकांवर सरकत असतं. वर टेकडीवर तिसऱ्या पक्षाचा नळ आहे. त्याला चोवीस तास पाणी असतं आणि तो कोणी बंद करत नाही. सगळ्या पक्षांची आश्वासनं तिथं शेजारी शेजारी, भांडण न करता राहतात. पुलाच्या मधोमध एक बाक आहे आणि त्या बाकावर माझी ताई बसलेली असते.

ताईला जाऊन सहा वर्षं झाली. मी गणिताचा माणूस, स्वप्नंबिप्नं मानत नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या झोपेबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एकदा फक्त विचारलं, ती माझी चौकशी करते का. "करते की," ते म्हणाले, "मास्तर अजून तसाच चिडका आहे का, विचारते." गाडी बाजूला घेऊन मला चष्मा पुसावा लागला.

ताई गेल्यावर घरात दोघंच उरली, भाऊजी आणि त्यांची मुलगी, माझी भाची. ती नर्स आहे. अकरा वर्षं ती गावच्या प्रसूतिगृहात होती. बारा खाटा, पिवळ्या भिंती आणि दाराशी आमच्या भाचीचा दरारा. कोणीही आत पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "चपला बाहेर!" नगराध्यक्षांनासुद्धा तिनं दारातून परत पाठवलं होतं. दीड वर्षापूर्वी ते प्रसूतिगृह बंद झालं. तेव्हापासून ती एका खाजगी दवाखान्यात अर्धा दिवस काम करते आणि उरलेला अर्धा दिवस घरातल्या कपाटांना शिस्त लावते. आता तिला मोठ्या शहरातल्या एका इस्पितळाचं पत्र आलं होतं. गाडीनं अख्खा दिवस लागतो इतकं ते शहर लांब. शुक्रवारपर्यंत होय की नाही कळवायचं होतं.

आणि निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती.

विरोधी पक्षाचे जे नेते होते, त्यांना लोक बघूसाहेब म्हणत. काहीही विचारा, "बघूया, योग्य वेळी योग्य निर्णय घेऊ." त्यांच्या पक्षाचे कार्यकर्तेही पाठीमागे हेच नाव घ्यायचे. मागे सत्तेत असताना लहान प्रसूतिगृहं बंद करायच्या ठरावाला त्यांनी स्वतः हात वर केला होता; कुलूप पुढच्या सरकारनं लावलं. आता राजधानीत ते सरकारी खर्च आवरा म्हणायचे आणि आमच्याकडे आले की गावावर अन्याय झाला म्हणायचे. मग तुम्ही ते उघडणार का? तर, बघूया. या माणसाचं धोरण नक्की काय आहे, हे त्यांच्या बायकोला तरी माहीत असेल का, अशी मला शंका होती.

भाची वडिलांना म्हणाली, "बाबा, ते उघडतो म्हणाले तर मी थांबते. नाही म्हणाले तर जाते. पण बघूया म्हणाले तर मी काय करू?"

त्याच आठवड्यात बघूसाहेबांची सभा होती. त्या सकाळी भोंगे चढवताना मी भाऊजींना हळूच म्हटलं, "सांगून टाका ना तिला, तिकडे प्रसूतिगृह उघडलेलं बघितलं म्हणून. राहील पोरगी."

"ती विचारेल, खाटांवर कोण होतं," भाऊजी म्हणाले आणि वायर सोडवत बसले.

बघूसाहेब त्या दिवशी तासभर लवकरच आले. आधीच्या गावात माणसंच जमली नव्हती म्हणे. दुपार होती, मैदान रिकामं होतं, सतरंज्यांवर वाऱ्यानं धूळ बसत होती. साहेब स्टेजच्या पायरीवर बसले, बूट काढले आणि चष्म्याची काच पुसू लागले. जवळून बघितलं तर फारच दमलेला माणूस होता. तेवढ्यात भाची वडिलांचा डबा घेऊन आली.

"तुम्हीच का ते झोपणारे?" साहेबांनी भाऊजींना विचारलं. "आज तेवढं जागे राहा. लोक फोटो काढतात."

"साहेब, मागच्या खेपेला तुमच्या भाषणात मी प्रसूतिगृहात गेलो होतो," भाऊजी डबा उघडत म्हणाले. ऐकणाऱ्याला वाटावं, काल बाजारात गेलो होतो म्हणताहेत. "दार उघडं होतं. बाराच्या बारा खाटा, स्वच्छ चादरी, खिडकीतून ऊन आलेलं. पण आत कोणी नाही. बाई नाही, बाळ नाही, डॉक्टर नाही. मी हाका मारल्या. बाकीच्यांच्या भाषणात माणसं असतात हो. खोटी का असेनात, असतात."

साहेबांचा काच पुसणारा हात थांबला. थट्टा चाललीय का, हे बघायला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"डॉक्टर नाहीतच," ते हळू आवाजात, जणू स्वतःलाच म्हणाले. "तेव्हा दोनदा जाहिरात दिली होती. यायलाच कोणी तयार नाही."

"मग तसं सांगा ना," भाची म्हणाली.

"बाई, तसं सांगितलं तर मतं कोण देईल?"

"मला शुक्रवारपर्यंत पत्राला उत्तर द्यायचंय," ती म्हणाली. "तुमच्या मतांचं मी काय करू?"

साहेब बूट घालून फेऱ्या मारत राहिले.

पाचच्या सुमारास मैदान बऱ्यापैकी भरलं. भाषण नेहमीसारखं सुरू झालं. भाऊजींनी बटणावर हात ठेवला, डोळे मिटले, मान जराशी कलली. मला वाटलं, पोचले पुलावर. संध्याकाळचं पिवळं ऊन तिरपं येत होतं. भोंग्यांतून येणारा आवाज मैदानावरून जाऊन पलीकडच्या घरांवर आपटून पुन्हा येत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं. मलाही पेंग आली.

मग साहेबांनी हातातले कागद खाली ठेवले.

"तुमचं प्रसूतिगृह बंद करायला माझाही हात वर झाला होता," ते म्हणाले. "निवडून आलो तर ते उघडीन, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर मिळत नाहीत, निदान तीन वर्षं मिळणार नाहीत. नुसत्या भिंती उघडून तुम्हाला फसवायचं नाही मला. एक रुग्णवाहिका देईन, चालकासकट, दिवसरात्र गावातच उभी राहणारी. तेवढंच देऊ शकतो. आणि हेच उद्या राजधानीत बोलणार आहे, वाटल्यास ऐकायला या."

मी वळून पाहिलं तर भाऊजींचे डोळे उघडे होते, टक्क उघडे. ते स्टेजकडे बघत नव्हते. खांबाशी रिकामा डबा धरून उभ्या असलेल्या मुलीकडे बघत होते.

पुढच्या रांगेतल्या कोणाच्या तरी ते लक्षात आलं. "अरे, हॅलोकाका जागे आहेत!" तो ओरडला. आधी हशा झाला, मग टाळ्या, मग शिट्ट्या. तीस वर्षांत पहिल्यांदा! हा माणूस नक्की येतो निवडून, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. खाली उतरल्यावर साहेबांनी भाऊजींचा हात दोन्ही हातांत धरला.

"आज झोपला नाहीत तुम्ही."

"झोप लागली असती तर बरं झालं असतं, साहेब," भाऊजी म्हणाले.

मला भयंकर राग आला होता. जन्मभर बघूया म्हणणाऱ्या माणसाला खरं बोलायला आमच्याच घरातला आठवडा सापडावा? अजून एकदा बघूया म्हणाला असता, तर पोरगी निदान निवडणुकीपर्यंत थांबली असती. भाऊजींना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "भोंगे उतरवा, अंधार पडेल."

शुक्रवारी तिनं होय कळवलं. रविवारी तिची बॅग भाऊजींनी माईकच्या वायरनं बांधली, तेसुद्धा चांगल्यातल्या. "ही परत आणायची हं," दोनदा बजावलं. ती हसली आणि मग हसणं सोडून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. टेम्पोत बसताना माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, हळू चालवा." स्टेशनपर्यंतचा सबंध रस्ता मी दुसऱ्या गिअरमध्ये गेलो. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.

पुढच्या आठवड्यात सरकारी पक्षाची सभा होती. मंत्री आले, गाड्यांची रांग घेऊन आले. प्रसूतिगृह महिन्याभरात उघडतो म्हणाले. बारा नाही, चाळीस खाटा. डॉक्टर चार, नर्सेस दहा, आणि त्याही याच गावच्या लेकी! लोक हसत होते, तरी टाळ्या वाजवत होते.

भाऊजींना दोन मिनिटांतच झोप लागली. इतकी शांत झोप मी त्यांची कधी पाहिली नव्हती. ओठांच्या कडेला हसू होतं. माईकनं मध्येच शिट्टी मारली, हात फिरला, शिट्टी थांबली.

सभा संपली, सतरंज्या गुंडाळल्या, तरी मी त्यांना उठवलं नाही. आपणहून जागे झाले तेव्हा विचारलं, "ताई भेटली?"

"आज पुलावर थांबलोच नाही," ते म्हणाले. "सरळ प्रसूतिगृहात गेलो. सगळ्या खाटा भरलेल्या, मास्तर. बाळं रडताहेत, गडबड चाललीय. ती ड्युटीवर होती. मला बघितलं आणि तिकडूनच ओरडली, बाबा, चपला बाहेर!"

मी विचारायचं म्हणून विचारलं, "मग यंदा मत कोणाला?"

"बघूसाहेबाला. आणखी कोणाला?" हाताच्या कोपराभोवती वायर गुंडाळत भाऊजी म्हणाले. थोडा वेळ गुंडाळत राहिले. "पण ह्या मंत्र्यांचं भाषण अजून थोडं चालायला हवं होतं."