तीन तासांवरचं शारजा

गोरक्ष हल्ली भेटेल त्याला सांगतो, "आमची मेंढरं इमानात बसून गेली राव! नाशिकवरनं शारजा फकस्त तीन तास." आणि मोबाइलवर समुद्रावरून गेलेली रेघ दाखवतो. दोन हजार किलोमीटरला थोडं कमी. ती रेघ बघितली की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्याचा बाप जानकू, डिंगोऱ्याचा धनगर. दरवर्षी पिंपळवंडीला माझ्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. साठी उलटली, पण किलोमीटरशी त्याचं कधी देणंघेणं नव्हतं. लांबचं गाव म्हणजे चार मुक्काम. जवळचं म्हणजे दिवस मावळायच्या आत जाऊन परत येता येतं ते. बायको तुकाबाई गेली तेव्हाही तो मेंढरांबरोबर कोकणात होता. निरोप पोचेपर्यंत इकडं सगळं आटोपलं होतं. त्या रात्री त्यानं म्होरक्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं, असं त्यानंच मला सांगितलंय.

म्होरक्या म्हणजे त्याचा मेंढा. बिरोबाच्या नावानं सोडलेला. त्याला विकायचं नाही, कापायचं नाही. जानकू पुढं, त्याच्या मागं म्होरक्या आणि म्होरक्याच्या घंटेमागं अख्खा कळप.

गेल्या वर्षी गोरक्षनं तीसेक मेंढरं परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याला विकली. टेम्पो माझाच होता. म्होरक्याशिवाय मेंढरं टेम्पोत चढेनात, म्हणून तो आणि जानकूही बरोबर आले. पाच तासांनी नाशिकच्या विमानतळाजवळच्या शेडवर पोचलो. तिथं मोठ्या पिंजऱ्याला फळी लावलेली. एक मेंढरू पाय ठेवीना. व्यापाऱ्याच्या माणसानं मेंढ्याची घंटा सोडायला लावली आणि म्हणाला, "बाबा, तुमचा मेंढा घाला पुढं. मागनं काढू त्याला."

जानकू स्वतः घंटा वाजवत फळी चढला. मागं म्होरक्या, मागं सगळी. जानकू कडेनं उतरला आणि दार पडलं.

"आरं, माझा मेंढा आत ऱ्हायला!"

"आता सील झालं, बाबा. येईल की परत. तीन तासांचं तर अंतर."

मी गोरक्षकडं बघितलं. तो मान वर करेना. मेंढा त्यानं आधीच विकला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

जानकूला मात्र त्या माणसाचं म्हणणं पटलं. तीन तास म्हणजे ओतूरचा बाजार करून यायचा वेळ. रोज दिवस मावळताना तो घंटा मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसायचा. आठवडाभर बसला. शेवटी मी गोरक्षवर खेकसलो, "बापाला खरं काय ते सांग."

"आबा, त्यो कवाच कापला आसंल," गोरक्ष बापाला म्हणाला. "पर तरास नाय झाला त्येला. लई आरामात गेला, तीनच तास."

जानकूनं शिवीसुद्धा दिली नाही. "मी चढलो म्हणून त्यो चढला," एवढंच बोलला.

यंदा मेंढरं माझ्या रानाकडं आली तेव्हा जानकू सगळ्यांच्या मागं होता, काठीनं हाकत. डांबरी रस्ता ओलांडायला मेंढरं तयार होईनात. गाड्या हॉर्न मारत खोळंबल्या.

मी ओरडलो, "जानकू, पुढं हो की! येतील तुझ्या मागं."

"येत्याल ना भाऊ," तो म्हणाला. "म्हणून तर म्होरं जात न्हाई."