देवपूरच्या गच्चीवरचा काड्यांचा भारा

मंडळी, मी या ग्रुपवर आजवर फक्त टवाळी करायला येत होतो, हे जुन्या मेंबरांना माहीत आहे. कुणी पिंपळाखालच्या बाईचा किस्सा टाकला की ‘बाईची साडी जळगावची होती की सुरतची’ असं खाली विचारणारा तो मीच. भूत, भानामती, चकवा... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं नाही. पण आज हसायची पाळी तुमची आहे, तर हसा. फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

मी जळगावचा, पिंप्राळ्यात घर. ठिबकच्या नळ्या विकण्यात अर्धं आयुष्य गेलं. दिवसभर लोकांच्या बांधावर उभं राहून त्यांना शेती शिकवायची, आणि आपल्या गॅलरीतली तुळस मात्र बायकोने जगवायची — हा माझा शेतीचा अनुभव. त्यात मोबाईलवर ते व्हिडिओ बघायचं व्यसन लागलं. नोकरी सोडून परदेशात खेड्यात राहायला गेलेलं जोडपं, दगडी घर, दोन शेळ्या, सकाळी धुकं. ते धुकं बघून तर मी पार विरघळायचो. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली बसून धुकं बघणं म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

शेवटी पोर्तुगालचं ठरलं. उत्तरेकडचा डोंगराळ भाग, एक छोटं गाव, निम्म्या घरांना कुलपं. संगीताला — म्हणजे माझ्या बायकोला — मी विचारलं नव्हतं, पटवलं होतं. यातला फरक मला तिकडे गेल्यावर कळला.

संगीताचं माहेर धुळ्याला, देवपुरात. सासऱ्यांना सगळी गल्ली नाना म्हणते. निरोप घ्यायला गेलो तेव्हा नाना म्हणाले, “जवाईबापू, साधंच जगनं शे ना? मंग आठे तुमले कोन सोनाना ताटमा जेवाडी राहिनं?”

मी हसून घालवलं. नानांनी मग आतून एक कापडी पुरचुंडी आणली. भरताच्या वांग्याचं बी. हिरवी, लांब, पांढुरक्या रेघांची वांगी. हे बी संगीताच्या आजीपासून त्यांच्या घरात चालत आलेलं. दरवर्षी एक वांगं झाडावरच पिकू द्यायचं आणि त्याचं बी राखेत घोळून ठेवायचं.

“बठ्ठं एकदम टाकू नका,” नाना म्हणाले. “थोडं मांगे ठेवा.”

“नाना, मी याच लाईनीतला आहे,” मी म्हणालो.

तर या लाईनीतल्या माणसाने तिकडे पहिलं काम काय केलं असेल? ठिबक अंथरलं. जिथे पाऊस पडायला लागला की थांबायचं विसरतो, तिथे. टेकडीवर एक झरा होता आणि त्याच्याजवळ मेंढपाळाची एक पडकी खोपी. झऱ्यापासून आमच्या घरामागच्या वाफ्यांपर्यंत मी काळी नळी आणली. शेजारच्या मारिया आजी शेळ्या घेऊन बघायला आल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, मी मोबाईल पुढे केला. मोबाईलने मराठीत सांगितलं, ‘तुम्ही पावसाला मदत करत आहात का?’

दुसरं काम याहून मोठं. भरताची वांगी आपण पावसाळ्याच्या शेवटी लावतो आणि थंडीत खातो. जळगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तेच केलं. आपल्या हिशोबाने, आपल्या महिन्यात, सगळंच्या सगळं बी टाकलं. मागे एक दाणा ठेवला नाही. रोपं छान हातभर झाली आणि एका सकाळी पाहतो तर सगळी काळी पडून झोपलेली. तिकडची थंडी आपल्यासारखी हुरडा-भरीत खायला बोलवत नाही. ती मारून टाकते. नळ्यांतलं पाणीसुद्धा गोठून नळ्या फुटल्या होत्या.

संगीताला मी म्हणालो, थोडं बी आहे शिल्लक, उन्हाळ्यात पुन्हा लावू. खोटं बोललो. सांगायची छाती झाली नाही.

तोवर ती फारशी बोलेनाशीच झाली होती. इथे तिची भिशी, तिच्या बहिणी, फाटकापाशी भाजीवाल्याशी रोजची घासाघीस. तिकडे बोलायला मी आणि मारिया आजींच्या शेळ्या, आणि शेळ्या माझ्यापेक्षा बऱ्या. जानेवारीतल्या एका सकाळी ती डबे आवरत होती. पुरचुंडी तिच्या हाताला लागली. रिकामी.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पुरचुंडीची घडी घातली, टेबलावर ठेवली.

“माझ्या आजीचं होतं ते,” ती म्हणाली.

“अगं, नानांकडे आहे ना अजून...”

“मी धुळ्याला जातेय. तुम्ही राहा इथे. साधं.”

पासपोर्ट आणि एक बॅग घेऊन ती निघाली. टेकडीपलीकडे मोठा रस्ता आहे, तिथून बस जाते. मला वाटलं, अर्ध्या वाटेवरून परत येईल. म्हणून मी शहाण्यासारखा चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत खिडकीबाहेरचं डाळिंबाचं झाड दिसेनासं झालं. धुकं. ज्याच्यासाठी मी वेडा झालो होतो, तेच. तिचा फोन टेबलावरच राहिला होता.

मी धावलो. मोठ्या रस्त्यापर्यंत कसाबसा पोचलो, तिथे कुणी नाही. बस अजून यायची होती. परत टेकडीवर शिरलो आणि मग मलाच दिशा राहिली नाही. स्वतःचे बूट दिसत नव्हते. हाका मारल्या. तिच्या नावाने, मग नुसत्याच. आवाज तोंडापुढेच संपत होता, उशीत तोंड खुपसून ओरडावं तसा. एका बाजूला दगडांची उतरंड, दुसरीकडे ओढा. जिथे पाय ठेवावा तिथे बर्फाची कड मोडायची. हातांची बोटं मिटेनात. नानांना काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. तुमची मुलगी माझ्या व्हिडिओत हरवली, हे? मी त्या धुक्यात खाली बसलो आणि रडलो. यात विनोदाचं काही नाही, आणि मला करताही येत नाहीये.

आणि तेव्हा वास आला.

कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजल्याचा. मंडळी, दुसरा कुठलाही वास असता तर मी सोडून दिला असता. पण गॅसवर भाजलेलं, कोळशावर भाजलेलं आणि काड्यांवर भाजलेलं — यातला फरक जळगावच्या माणसाला झोपेतही कळतो. तो आंबूस, डोळ्यांत जाणारा धूर, आणि मागून करपलेल्या सालीचा गोडसर वास. त्या देशाच्या त्या टोकाला कपाशी नाही. वांगी मी मारलेली. मला वाटलं, थंडीने डोकं गेलं.

पण वास जाईना. मी उठलो आणि जिकडे तो दाट वाटला तिकडे रांगत निघालो. थोड्या वेळाने आवाजही आला. थप... थप... थप... आपल्याकडे भाजलेली वांगी लाकडी बडगीत घालून ठेचतात ना, अगदी तसा.

आवाज त्या पडक्या खोपीतून येत होता. आत संगीता भिंतीला टेकून बसली होती. पाय घोट्यातून वाकडा झालेला, ओठ निळे. मेंढ्यांना चारा घालायची जुनी लाकडी गव्हाण मांडीशी ओढून ती त्यात दगड आपटत होती. मी आलोय हे कळूनही तिचा हात थांबेना. मी तो धरला, तेव्हा थांबला.

“कुठे भाजलीत वांगी?” ती म्हणाली.

“कुठली वांगी?”

“वास येतोय केव्हाचा. मला वाटलं तुम्हीच कुठे जवळ पेटवलंय. हाका मारल्या, घसा बसला. मग म्हटलं... ठेचायला घ्यावं.”

खोपीत विस्तव नव्हता. राखही नव्हती. असती तर मी तिचे हात आधी राखेत खुपसले असते.

तिला पाठीवर घेतलं. घर कुठे, ते तरीही दिसत नव्हतं. मग पायाला माझी नळी लागली. फुटलेली, बिनकामाची, झऱ्यापासून थेट घरापर्यंत गेलेली. तिच्यावर पाय घासत उतरलो. माझ्या ठिबकने त्या देशात केलेलं हे एकमेव काम. मारिया आजींनी आम्हाला चुलीपाशी ओढलं आणि गाडी बोलावली. मी त्यांना खोदून खोदून विचारलं, कुणी काही भाजत होतं का, कसला वास आला का. त्यांना फक्त धुक्याचा आला होता.

हॉस्पिटलमधून नानांना फोन लावला. मी काही सांगायच्या आत तेच म्हणाले, “संगू बरी शे ना?”

“का हो नाना?”

“दुपारी बठ्ठी गल्ली इचारी राहिन्ती, नाना, भरीत कोनकडे शे? वास मन्हा गच्चीवरथीन ये. पन मी काही भाजेलच नही.”

त्यांची दुपार म्हणजे आमची ती सकाळ. नाना वर गेले तर गच्चीवर चूल नाही, जाळ नाही. संगीता येईल तेव्हासाठी बांधून ठेवलेला कपाशीच्या काड्यांचा भारा जागच्या जागी होता. फक्त ओला चिंब. कडक उन्हात, आणि हात लावावा तर गार.

मी म्हणालो, टाकी ओव्हरफ्लो झाली असेल. देवपुरात टाकी भरून वाहण्याइतकं पाणी आलं, यावर माझाच विश्वास बसला नाही.

पाय जुळेपर्यंत आम्ही इकडे जळगावलाच आहोत. उन्हाळ्याआधी पोर्तुगालला परत जायचं, हे संगीतानेच ठरवलंय. वासाचा उलगडा मला झालेला नाही, आणि तिच्या या निर्णयाचा तर मुळीच नाही. दोन्ही मी कुणाला विचारत नाही.

परवा देवपुरात भरिताचा बेत होता. नानांनी बियांची नवी पुरचुंडी संगीताच्या हातात दिली, माझ्याकडे बघितलंही नाही. काड्या आणायला मी गच्चीवर गेलो. तो भारा आता खडखडीत वाळला होता. उचलणार, तेवढ्यात मागून नाना आले आणि त्यांनी माझा हात बाजूला केला.

“हाऊ नका लेवू. खाले दुसऱ्या शेतस.”

“का नाना? वाळलाय चांगला.”

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “संगूले परत लागना ते?”